‘सावध राहा’ म्हणून मोकळे होता येणार नाही

२०२४-२५ मध्ये कित्येक महिने कुणालाही फोन लावला की आधी सायबर भामट्यांपासून सावध राहण्याची सूचना ऐकावी लागायची. लोक वैतागले आणि जून २०२५ मध्ये ती बंद झाली. बँका तर त्याच्या कितीतरी आधीपासून ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असे एसएमएस पाठवत आहेत. पोलीस ठाण्यांबाहेर फलक लागले, कॉलेजांत व्याख्याने झाली, २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान डिजिटल अरेस्टवर, म्हणजे फोनवरून अटकेचा धाक दाखवून लुबाडण्याच्या प्रकारावर, बोलले. आणि संसदेत सरकारनेच दिलेला आकडा असा आहे: सायबर फसवणुकीत भारतीयांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट.

सूचना पोहोचल्याच नाहीत, असे म्हणायला जागा नाही. त्या पोहोचल्या, पण पुरल्या नाहीत. इंटरनेट वापरणाऱ्याने सावध असलेच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो सुरक्षिततेचा सगळा भार त्याच्या एकट्याच्या सावधपणावर टाकण्याशी. हे अन्यायाचे आहे आणि त्याने फसवणूक कमी होत नाही, हे आता आकडेच सांगत आहेत. ज्या संस्थांच्या हातून तो फोन, ती जाहिरात, ते खाते आणि तो पैसा जातो, त्यांना नुकसानाचा वाटा उचलावा लागेल असा कायदा झाल्याशिवाय यात फरक पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिजिटल अरेस्टचेच घ्या. फोन येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, असे सांगितले जाते. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला अधिकारी, पाठीमागे बोधचिन्ह, व्हॉट्सॲपवर शिक्क्यासह वॉरंट. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाशी बोलायचे नाही, आणि ‘पडताळणीसाठी’ सगळी रक्कम एका ‘सरकारी’ खात्यात भरायची; निर्दोष ठरलात की परत मिळेल. मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका महिलेकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात अशाच रीतीने २० कोटींहून अधिक रक्कम काढून घेतली गेली. लुधियान्यातल्या एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या वयोवृद्ध प्रमुखांसमोर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी उभी केली गेली, सरन्यायाधीशांच्या तोतयासकट, आणि त्यांचे ७ कोटी नेले.

अशी बातमी आली की खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एवढे शिकलेले लोक फसतात कसे? लोभ नडला. मला या प्रतिक्रियांचा राग येतो. यात लोभ कुठे आहे? ही माणसे कर वेळेवर भरणारी, सरकारी पत्र आले की दोनदा वाचणारी. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे ज्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबवले गेले, त्यांच्याकडून भामटा नेमकी तीच पायरी चुकवण्याची किंमत मागतो. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून पाठवणे हे कायद्यानुसार बजावणे ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. पण ही माहिती असलेला माणूससुद्धा, चोवीस तास कॅमेऱ्यासमोर एकटा बसवला, मुलाच्या अटकेची धमकी दिली, झोपू दिले नाही, तर ती माहिती वापरण्याच्या स्थितीत उरत नाही. त्या पहिल्या अर्ध्या तासात त्याला कुणाशी तरी बोलता आले असते, तर पुढचे सगळे टळले असते.

आणि समोरची बाजू किती मोठी आहे तेही पाहावे. म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये कुंपणाच्या आत हे उद्योग चालतात. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना तिथे डांबून दिवसभर फोन करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून हवाई दलाच्या विमानांनी दोन खेपांत ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. म्हणजे आपल्या काकांना धमकावणारा आवाज कदाचित स्वतःही कैदेत असतो. पाळ्या लावून, संवाद लिहून घेऊन, माणसाच्या भीतीचा अभ्यास करून चालणाऱ्या या कारखान्यांविरुद्ध आपण एका सेवानिवृत्त शिक्षिकेला उभे करतो आणि तिला म्हणतो, सावध राहा.

सावधपणाची सूचना देणाऱ्यांचे स्वतःचे वागणे कसे आहे? मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. ‘मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल’ हा संदेश महाराष्ट्रात किती जणांना आला असेल. महावितरणने तो खोटा असल्याचे वारंवार सांगितले. पण तो खरा वाटतो, कारण खऱ्या संस्था याच सुरात बोलतात. आजच केवायसी करा, नाहीतर खाते बंद. ही शेवटची मुदत. खालच्या लिंकवर क्लिक करा. बँकेच्या कर्ज विभागातून बोलणारी व्यक्ती साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन करते आणि ‘व्हेरिफिकेशन’साठी तुमची जन्मतारीख विचारते. ती खरोखर बँकेचीच निघते, आणि अनोळखी फोनवर माहिती द्यायची सवय आपल्याला बँकच लावून जाते. गाड्यांच्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची सक्ती झाली, तर मुदत टांगती आणि बनावट संकेतस्थळे तयार. लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी अनिवार्य केले, की त्याच्याही नकली साइट निघाल्या. मुदतीची धास्ती सरकार निर्माण करते, भामटा तिचा फायदा घेतो.

आधारच्या झेरॉक्सचेही तसेच. लॉजवर, सिमच्या दुकानात, सोसायटीच्या गेटवर, कुठेही झेरॉक्स मागतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सांगितले की अशी प्रत देऊ नका, आकडे झाकलेले मास्क्ड आधार द्या. सूचना अगदी योग्य होती. दोन दिवसांत केंद्राने तिचा चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून ती मागे घेतली आणि नेहमीची काळजी घ्या असे सांगितले. नागरिकाने यातून काय घ्यायचे? भामट्याला आपले नाव, पत्ता, आधारचे आकडे, बँकेचे नाव आधीच ठाऊक असते तेव्हाच तो खरा वाटतो. ही माहिती गळते ती बहुतेक वेळा आपण विश्वासाने जिथे दिली तिथून.

वागणे बदलले की काय होते, याचेही उदाहरण आहे. जुना सोफा विकायला काढायचा, सैन्यात असल्याचे सांगणारा गिऱ्हाईक फोन करणार, ‘पैसे पाठवतोय, पिन टाकून स्वीकारा’ म्हणणार, आणि पिन टाकताच आपल्याच खात्यातून रक्कम जाणार. या प्रकाराने देशभर असंख्य लोक नागवले गेले. वर्षानुवर्षे एकच सूचना दिली जात होती, की पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. सूचना बरोबरच होती आणि फसवणूक चालूच राहिली. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे ‘मागण्याची’ सोयच बंद केली. ते भोक बुजले. कुणाच्याही सावधपणाची गरज उरली नाही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारा पत्ता घ्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली, बँकांचे सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत अशी व्यवस्था उभी राहू लागली, हेही त्याच जातीचे काम. हे आधी का झाले नाही, हा प्रश्न विचारायला हवा. माझे उत्तर असे, की तोपर्यंत नुकसान ग्राहकाचे होत होते. ज्याचे नुकसान होत नाही त्याला घाई नसते.

आता पैसा कोणत्या वाटेने जातो ते पाहा. फसलेल्या माणसाचे पैसे हवेत जात नाहीत. ते कुठल्यातरी बँकेतल्या, कुणाच्या तरी नावाच्या खात्यात जातात. पोलीस आणि बँकवाले त्याला म्यूल खाते म्हणतात. कुणी काही हजारांसाठी आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम भाड्याने दिलेले असते, कुणाच्या कागदांवर त्याच्या नकळत खाते उघडलेले असते. पहिल्या खात्यातून पाच, पाचातून पन्नास, आणि तासाभरात रक्कम एटीएममधून किंवा क्रिप्टोतून देशाबाहेर. एरवी दोन-चार हजार उलाढाल असलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात एका दुपारी चाळीस लाख येतात आणि संध्याकाळपर्यंत बाहेर जातात. हे बँकेच्या संगणकाला दिसत नाही का? दिसू शकते. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने असली खाती हुडकण्यासाठी ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली तयारही केली आहे. माझ्याकडून केवायसीसाठी पुन:पुन्हा फोटो आणि कागद मागणाऱ्या बँकेने ते खाते कसे उघडले, याचा जाब तिला फसलेल्या माणसाला द्यावा लागत नाही. त्याचा आणि त्या बँकेचा काही संबंधच नसतो, कारण ती त्याची बँक नसते.

जाहिरातींचेही पाहा. नामवंत उद्योगपतींचे बनावट व्हिडिओ दाखवून शेअरबाजारातल्या खात्रीच्या नफ्याच्या ग्रुपवर ओढणाऱ्या जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे मोजून चालवल्या जातात. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये या दोन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे बातमी दिली, की २०२४ च्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के उत्पन्न फसव्या आणि निषिद्ध मालाच्या जाहिरातींतून येईल असा कंपनीचाच अंदाज होता. कंपनीने तो अंदाज ढोबळ आणि फुगलेला असल्याचे म्हटले. तो निम्मा धरला तरी रक्कम अवाढव्य होते.

आपला कायदा या सगळ्यात कुणाला जबाबदार धरतो? रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक प्रत्येक खातेदाराने वाचावे असे आहे. तुमच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असली आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर मर्यादित. कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करणे बँकेचे काम. हे सगळे चांगले आहे, पण त्याच परिपत्रकात म्हटले आहे, की ग्राहकाने निष्काळजीपणे पिन-ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. म्हणून शाखेतला पहिला प्रश्न असतो, ‘तुम्ही ओटीपी दिला होता का?’ हो म्हटले की फाइल बंद. आणि डिजिटल अरेस्टमधल्या माणसाने तर स्वतः शाखेत जाऊन ठेव मोडलेली असते, स्वतः आरटीजीएसचा फॉर्म भरलेला असतो. त्याच्यासाठी या परिपत्रकात काहीच नाही.

माहिती गळण्याबाबतही ग्राहक कोरडाच राहतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड ठोठावू शकतो. तो दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होईल. ज्याची माहिती गळली त्याला त्यातला एक रुपयाही नाही. उलट, माहिती नीट न जपणाऱ्या कंपनीकडून नुकसानभरपाई मागण्याची जी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये होती, ते कलम वगळण्याची तरतूद याच नव्या कायद्यात आहे. यावर महाराष्ट्रात जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली मला दिसली नाही.

दुसरीकडे ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून वेगळा रस्ता धरला. भामट्याच्या सांगण्यावरून ग्राहकाने स्वतः पैसे पाठवले असले, तरी ८५,००० पौंडांपर्यंतची रक्कम त्याला परत मिळते, आणि त्याचा भार पैसे पाठवणारी बँक आणि स्वीकारणारी बँक निम्मा-निम्मा उचलतात. स्वीकारणारी बँक, म्हणजे जिने भामट्याचे खाते उघडले ती. मला या नियमातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सिंगापूरने १६ डिसेंबर २०२४ पासून बनावट लिंकद्वारे होणाऱ्या फसवणुकीत बँका आणि दूरसंचार कंपन्या दोघांनाही कर्तव्ये आखून दिली. ती पाळली नाहीत तर भरपाई त्यांनी करायची. सिंगापूरच्या नियमाची व्याप्ती मर्यादित आहे, ग्राहकाने स्वतः पाठवलेले पैसे त्यात येत नाहीत. पण फोन कंपनीलाही हिशेबात धरणे हे आपल्याला शिकण्यासारखे आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते फालतू नाहीत. भरपाई मिळते म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील, हा पहिला. ब्रिटनच्या नियमात अतिशय गंभीर निष्काळजीपणाला भरपाई नाही, आणि बँक पहिले १०० पौंड कापून घेऊ शकते. असहाय स्थितीतल्या ग्राहकाला मात्र ही दोन्ही बंधने लागू होत नाहीत. शिवाय पैसे परत मिळणार म्हणून तीन दिवस धमक्या सोसायला कोण तयार होईल? दुसरा आक्षेप, बँकांचा हा खर्च शेवटी सगळ्या ग्राहकांवरच पडेल. काही अंशी पडेल, आणि पडावा. एका म्हातारीचा आयुष्यभराचा पैसा एका आठवड्यात बुडण्यापेक्षा तो भार लाखो खात्यांत विभागणे मला जास्त माणुसकीचे वाटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खर्च डोक्यावर आला की बँक भाड्याची खाती शोधायला लागेल.

तिसरा आक्षेप यूपीआयच्या वेगाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याला २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. चहा-भाजीचे पैसे क्षणात गेले पाहिजेत, यात शंका नाही. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या खातेदाराने मुदत ठेव मोडून, आयुष्यात कधी पैसे न पाठवलेल्या खात्यात आठ लाख पाठवायला घेतले, तर ते एक रात्र थांबले म्हणून काय बिघडते? ब्रिटनमध्ये संशय आला तर बँक आणखी ७२ तास थांबू शकते. आपल्याकडेही काही शाखांत काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ‘काका, कशासाठी मोडताय ठेव?’ एवढे विचारले आणि पैसे वाचले, अशा बातम्या आल्या आहेत. हे त्या कर्मचाऱ्याच्या चांगुलपणावर का सोडायचे?

मात्र उपाय आंधळा नको. फसवणुकीच्या साखळीतले दोनशे रुपये क्यूआर कोडवरून नकळत स्वीकारले, म्हणून भाजीवाल्याचे अख्खे खाते परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून गोठवले जाते आणि तो महिनोन्महिने हेलपाटे घालतो. अशा सरसकट गोठवण्यावर उच्च न्यायालयांनी नाराजी व्यक्त केली आहे. वादातली रक्कम तेवढी अडकवावी, पोट अडकवू नये. सुरक्षेच्या नावाखाली पाळतीला वाट मिळू नये, हेही तितकेच खरे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप सक्तीने घालण्याचा आदेश निघाला आणि विरोधानंतर लगेच मागे घेतला गेला, ते बरे झाले. आपल्या नावावर किती सिम आहेत हे पाहण्याची त्यातली सोय उपयोगाची आहे. ती ज्याला हवी त्याने घ्यावी.

कॉसमॉस बँकेची आठवण इथे देणे मला आवश्यक वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या या जुन्या सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव करून, बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढून आणि हाँगकाँगला रक्कम वळवून, दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी लुटले गेले. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही. नुकसान बँकेचे झाले. तेव्हा बँक लोभी होती असे कुणी म्हटले नाही. हल्ला किती आधुनिक होता, गुन्हेगार किती तरबेज होते, हेच बोलले गेले. तीच सहानुभूती घरातल्या मावशीला मिळत नाही.

आणि याची किंमत थेट पैशांत मोजावी लागते. फसवणूक कळताच १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार केली, तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते. पहिला तास सोन्याचा. तो तास लाजेत जातो. मुलगा काय म्हणेल, सुनेसमोर शोभा होईल, या विचारात बाबा दोन दिवस गप्प राहतात आणि मग तक्रार करतात तेव्हा पैसे देशात उरलेले नसतात. म्हणून घरात आजच सांगून ठेवायला हवे, की कितीही रक्कम गेली तरी आधी मला सांगा, मी एक शब्दही बोलणार नाही. हे ‘ओटीपी देऊ नका’पेक्षा जास्त उपयोगी पडेल, असे मला वाटते.

बाकीच्या सवयी थोडक्यात सांगता येतील. यूपीआयला जोडलेले खाते वेगळे ठेवा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. बचतीचे खाते फोनपासून दूर राहू द्या. ॲपमधली व्यवहारमर्यादा कमी करा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान म्हणून आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरी, कारण त्याचा फोन आधीच कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असू शकतो. ग्राहकसेवेचा क्रमांक गूगलवर न शोधता कार्डाच्या मागे पाहा. ईमेल आणि व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणी लावा.

महाराष्ट्रात आपल्यापैकी कित्येकांचे पैसे नागरी सहकारी बँकांत आहेत आणि आपण तिथले नुसते ग्राहक नाही, सभासद आहोत. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा होते. अहवाल हातात येतो, लाभांश जाहीर होतो, टाळ्या पडतात. या वर्षी उठून विचारता येईल: गेल्या वर्षात आपल्या बँकेत भाड्याची किती खाती सापडली? ती कोणत्या शाखांत, कुणाच्या शिफारशीने उघडली गेली? १९३० कडून सूचना आल्यापासून रक्कम अडवायला आपल्याला किती मिनिटे लागतात? आणि सूचना शनिवारी रात्री अकराला आली, तर ती पाहायला बँकेत कोण असते?